थोरल्या फटफटीचा मोह

गेल्या मार्गशीर्षांत चिपळुणाहून पुण्यास परततांना कुंभार्ली घाटांत एका मालट्रकामागें आमची मोटारसायकल बराच वेळ अडकून पडली. गाडी एका सिलिंडरची, ३४९ सीसींची. तीवर आम्ही, सौभाग्यवती आणि कोंकणांतून आणलेल्या सामानाच्या दोन जड पिशव्या. चढावर ट्रकास मागें टाकावें तर गाडीच्या अंगीं तेवढा जोर उरला नव्हता. मागें राहावें तर धुरानें जीव कासावीस होत होता. त्या अवस्थेंत मनांत जो विचार शिरला तो कोयनानगर येईपर्यंत दृढ झाला, आणि पुण्यास पोंचेपर्यंत त्याला निश्चयाचें रूप आलें: आतां थोरली गाडी घ्यावयाची.

पुढच्याच रविवारीं आम्ही दुकानांत जाऊन ती पाहून आलों. ६४८ सीसींची, दोन सिलिंडरांची, ‘क्रूझर’ जातीची. बैठक खोलगट व बुटकी, हॅण्डल रुंद, पाय पुढें सोडून बसावयाची सोय. तीवर बसल्यावर मनुष्यास आपण उगाच कोणी तरी सरदार आहों असें वाटूं लागतें. घरीं येऊन आम्हीं तिचें वर्णन केलें तेव्हां सौभाग्यवतींनीं एकच प्रश्न विचारला: “ट्रक मागें टाकण्यासाठीं दुसरी गाडी घ्यावयाची, कीं ट्रकाच्या मागें थांबावयास शिकावयाचें?” या प्रश्नास तत्काळ उत्तर सुचेना. म्हणून आमच्यासारख्या पुस्तकी मनुष्याची जी नेहमींची पळवाट असते तीच आम्हीं धरली. म्हणजे मोटारसायकलीचा इतिहास काढून बसलों. त्यांत उत्तर मिळालें कीं नाहीं हें वाचकांनींच ठरवावें.

सीसी म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. इंजिनाच्या सिलिंडरांत दट्ट्या खालींवर होतांना जी पोकळी व्यापतो ती घन सेंटिमीटरांत मोजतात. तें माप म्हणजे सीसी. धाकटी कोणती व थोरली कोणती हें लोक या मापावरून ठरवितात. परंतु हें माप आणि सामर्थ्य एकच, अशी जर कोणाची समजूत असेल तर इतिहासाचें पहिलेंच पान ती खोटी ठरवितें. जर्मनींत कानश्टाट येथें गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं १८८५ सालीं लांकडी सांगाड्याची जी दुचाकी चालविली तिचें इंजिन २६४ सीसींचें, आणि जोर अवघा अर्ध्या अश्वशक्तीचा होता. पुढें १८९४ सालीं म्युनिक येथील हिल्डेब्रांड व वोल्फम्युलर यांनीं विक्रीसाठीं मोटारसायकली बनविण्यास आरंभ केला. विक्रीसाठीं अनेक संख्येनें बनलेली ही जगांतील पहिली मोटारसायकल, आणि तिचें इंजिन किती मोठें होतें? १,४८९ सीसी! जोर मात्र अडीच अश्वशक्तींचा. आज गल्लींतून दूधवाला जी शंभर सीसींची गाडी पिटाळतो ती या थोरलीच्या तिप्पट जोर करते.

मोठेपणाची खरी गरज कोठें उत्पन्न झाली हें पाहावयाचें तर अमेरिकेंत मिलवॉकी नगरास गेलें पाहिजे. तेथें १९०१ सालीं विल्यम हार्ले या विशीतल्या तरुणानें सायकलीस बसेल अशा एका लहान इंजिनाचा आराखडा काढला. तें अवघें ११६ सीसींचें होतें. हार्ले व त्याचा बालमित्र आर्थर डेव्हिडसन यांनीं दोन वर्षें खपून तें तयार केलें, आणि त्या सायकलीवरून ते मिलवॉकीच्या टेकड्या चढावयास निघाले. गाडी चढेना. पायडल मारून इंजिनास मदत करावी तेव्हां ती कशीबशी माथा गांठी. तरुणांनीं तें यंत्र शिकवणी समजून बाजूस ठेविलें व दुसरें बनविलें. तें ४०५ सीसींचें होतें. हार्ले-डेव्हिडसन या नांवानें पुढें जगभर गाजलेल्या कंपनीचा हा आरंभ होय. धाकट्या गाडीवरून थोरल्या गाडीवर जाण्याचा या कंपनीच्या इतिहासांतला पहिला निर्णय असा एका टेकडीनें करविला. निर्णय करणारांस बाजारांत मान मिळवावयाचा नव्हता. त्यांस फक्त टेकडी चढावयाची होती.

पुढची पायरी म्हणजे दोन सिलिंडरांची. स्प्रिंगफील्डच्या ‘इंडियन’ कंपनीनें १९०७ पर्यंत आणि हार्लेनें १९०९ सालीं असें इंजिन बाजारांत आणलें. हार्लेचें इंजिन ८११ सीसींचें होतें. पहिल्या खेपेस तें फसलें, म्हणून परत घेऊन, सुधारून, १९११ सालीं पुनः काढावें लागलें. दोन सिलिंडर चिमट्याच्या दोन पायांप्रमाणें तिरपे ठेवण्याचें कारण साधेंच होतें: सायकलीच्या त्रिकोणी सांगाड्यांत तेवढीच जागा मिळत होती. हार्लेच्या इंजिनांत दोन्ही दट्ट्यांचे दांडे एकाच खुंटीवर जोडलेले असल्यामुळें स्फोटांचें अंतर समान पडत नाहीं. एक फट लौकर, दुसरी उशिरा. फटफटी हा आपला मराठी शब्द कोणीं काढला हें आम्हांस ठाऊक नाहीं, पण या इंजिनाच्या आवाजास तो अगदीं चपखल बसतो. हाच लंगडा ठेका पुढें इतका प्रिय झाला कीं, १९९४ सालीं कंपनीनें त्या आवाजावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगितला, आणि सहा वर्षें वाद घालून १९०० च्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे २००० सालीं, तो अर्ज मागें घेतला. जागेच्या अडचणींतून जन्मलेली गोष्ट कालांतरानें कशी अभिमानाची वस्तु होते याचें हें उत्तम उदाहरण आहे.

अमेरिकेंत या गाड्या वाढतच गेल्या त्यास दोन कारणें झालीं. पहिलें त्या देशाचा विस्तार. गांवें दूर, रस्ते कच्चे, आणि गाडीस साइडकार जोडून बायकामुलांस न्यावयाचें. पोलीसखात्यासही वेगवान मोटारीचा पाठलाग करील अशी दणकट गाडी हवी. दुसरें कारण अधिक मनोरंजक आहे, आणि त्याचें नांव हेन्री फोर्ड. १९०८ सालीं त्याच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटारीची किंमत ८५० डॉलर होती. ती उतरत उतरत १९२५ च्या सुमारास तीनशें डॉलरांच्याही खालीं आली. मोटार इतकी स्वस्त झाल्यावर साधा कामकरी मोटारसायकल कशास घेणार? युरोपांत मोटार महाग राहिली, म्हणून तेथें लहान मोटारसायकल हें गरिबाचें वाहन म्हणून टिकलें. अमेरिकेंत तें गिऱ्हाईकच गेलें. मागें उरले पोलीस आणि हौशी लोक. दोघांसही मोठी गाडी हवी होती. ‘इंडियन’नें १९२२ सालीं ‘चीफ’ नांवाची हजार सीसींची गाडी काढली आणि पुढच्याच वर्षीं ती बाराशें सीसींची केली. अशा रीतीनें गरज होती तोंवर वाढलेली गाडी गरज सरल्यावरही हौसेच्या बळावर वाढत राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हौसेला रस्ताही मिळाला. १९५६ सालीं अमेरिकन सरकारनें सुमारें ४१,००० मैलांचे राजमार्ग बांधण्याचा कायदा केला. तासन्‌तास एकाच वेगानें सरळ जावयाचें असेल तर पाठ ताठ, हात सैल आणि पाय पुढें अशी बैठक सुखाची वाटते. क्रूझरचें आजचें रूप याच प्रवासाला शोभणारें आहे. ‘क्रूझर’ हा शब्दही मूळचा आरमारांतला, दूरवर संचार करणाऱ्या लढाऊ जहाजाचा. १९६५ सालीं हार्लेच्या थोरल्या गाडीस वीजेची कळ बसली, तेव्हां एवढें इंजिन लाथ मारून चालू करण्याचे कष्टही संपले. त्यानंतर आंकडे पाहावे: १९७८ सालीं १,३४० सीसी, १९९९ सालीं १,४५०, २०१७ सालच्या गाड्यांत १,७४६. आणि गंमत अशी कीं, यांतला पहिला आंकडा गांठला गेला तेव्हां त्या देशांत तेलटंचाईमुळें १९७४ सालीं घातलेली ताशीं ५५ मैलांची वेगमर्यादा चालूच होती. इंजिन वाढत होतें, पण कायद्यानें जावयाचा वेग घटला होता! घाट, अंतर, ओझें यांपैकीं कशानेंही या वाढीचा उलगडा होत नाहीं. येथून पुढें थोरली गाडी ही मनाची गरज आहे, रस्त्याची नव्हे.

मन अमर्याद असतें, म्हणून राज्यकर्त्यांस रेषा आंखाव्या लागतात. या रेषांचाही एक स्वतंत्र इतिहास आहे. १९८३ सालीं जपानी गाड्यांच्या लोंढ्यापुढें हार्ले कंपनी टेंकीस आली, तेव्हां अध्यक्ष रेगन यांनीं परदेशी गाड्यांवरील जकात ४·४ टक्क्यांवरून एकदम ४९·४ टक्क्यांवर नेली. पण ती केवळ ७०० सीसींहून मोठ्या गाड्यांवर. जपानी कारखानदारांनीं काय करावें? त्यांनीं आपल्या ७५० सीसींच्या गाड्यांचीं इंजिनें आंखडून ६९९ सीसींचीं केलीं आणि माल विकीत राहिले. जपानांत १९७५ पासून सर्वसाधारण परवान्याची शींव ४०० सीसी होती. त्यापुढचा परवाना इतका कठीण कीं, तेथें ३९९ सीसींच्या गाड्यांचा एक वेगळाच वंश निर्माण झाला. १९९६ सालीं ही वाट सुलभ झाली. युरोपांत २०१३ पासून तरुणास आधीं मर्यादित शक्तीच्या गाडीवर हात बसवावा लागतो आणि मग थोरल्या गाडीचा परवाना मिळतो. या सर्व देशांत मनुष्य धाकटीवरून थोरलीवर जातो तो एका जिन्यानें जातो, आणि तो जिना सरकारनें बांधलेला असतो.

आपल्याकडें असा जिना नाहीं. १९८८ च्या मोटारवाहन कायद्यांत पन्नास सीसींपर्यंतच्या लहान गाडीसाठीं वयाची सवलत आहे. पण एकदां अठरा वर्षें पुरीं होऊन गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना मिळाला, म्हणजे शंभर सीसी काय आणि हजार सीसी काय, कायद्याला सारखेंच. आपल्याकडें रेषा आहे ती कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसींपर्यंतच्या गाड्यांवरील वस्तुसेवाकर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यावरील गाड्यांवर उपकर धरून जो ३१ टक्के होता तो सरसकट ४० टक्के झाला. आमची गाडी ३४९ सीसींची! एका सीसीनें ती रेषेच्या अलीकडें आहे, आणि आमचा मोह रेषेच्या पलीकडें. सरकारनें उडी महाग केली, पण उडी मारावयास शिकविलें नाहीं. तें ज्याचें त्यानेंच शिकावयाचें.

आमच्या देशांत ‘थोरली’ या शब्दाचा अर्थही वेळोवेळीं बदलत गेला आहे. इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीची ३५० सीसींची ‘बुलेट’ आपल्या लष्करास पसंत पडली आणि १९५५ सालीं मद्रास येथें ती बनविण्यासाठीं एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली. त्याच सुमारास रेडिचचा मूळ कारखाना ‘सुपर मीटिऑर’ नांवाची ६९२ सीसींची गाडी काढीत होता, आणि त्या घराण्याच्या गाड्या अमेरिकेंत ‘इंडियन’ या मावळलेल्या कंपनीच्या नांवानें विकल्या जात होत्या. नांव इंडियन, गाडी इंग्रजी, गिऱ्हाईक अमेरिकन. आणि खऱ्या हिंदुस्थानाच्या वांट्यास आली ती साडेतीनशेंची. पण आपल्याकडें तीच थोरली ठरली. फौजदार, शेतकरी, बागाईतदार यांची ती गाडी. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्यानें शंभर सीसींच्या काटकसरी गाड्या घरोघर आल्या, तेव्हां तर बुलेट अधिकच थोर दिसूं लागली.

क्रूझरचें रूप आपल्याकडें रुजविण्याचें बरेंच श्रेय पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज कंपनीस दिलें पाहिजे. कावासाकीच्या सहकार्यानें तिनें २००१ सालीं ‘एलिमिनेटर’ आणली आणि २००५ सालीं ‘अ‍ॅव्हेंजर’. बैठक खालीं, पाय पुढें, हॅण्डल उंच. पण इंजिन पावणेदोनशें-एकशें ऐंशी सीसींचें. रूप थोरलीचें, जीव धाकटीचा, आणि भाव मध्यमवर्गाच्या आवांक्यांतला! खरी थोरली यावयास मात्र आंब्याची मदत लागली. २००७ सालीं अमेरिकेनें हिंदी आंब्यास आपलीं दारें उघडलीं आणि आपण त्यांच्या ८०० सीसींवरील मोटारसायकलींस. त्या वर्षीं अमेरिकेस गेलेल्या हापुसाच्या पेट्या नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवच्या किरणकेंद्रांतून प्रक्रिया करून पाठविल्या होत्या. कांद्याच्या बाजारपेठेंतून आंबा गेला आणि मोबदल्यांत फटफटी आली. इतका रसाळ तह क्वचितच झाला असेल.

परंतु पुढें काय झालें? हार्लेच्या विक्रीस येथें २०१० सालीं आरंभ झाला, आणि २०२० सालीं ती स्वतःचें दुकान आवरून हीरो कंपनीच्या आश्रयास गेली. २०२३ सालीं त्या दोघांनीं मिळून जी गाडी काढली ती ४४० सीसींची, एका सिलिंडरची! उलट त्याच वर्षाच्या आरंभीं, आतां चेन्नई म्हणविणाऱ्या मद्रासच्या कंपनीनें ‘सुपर मीटिऑर’ हें जुनें नांव पुनः काढून ६४८ सीसींची क्रूझर बाजारांत आणली. अमेरिकन कंपनी जिना उतरत आली, हिंदी कंपनी चढत गेली. एकीला आपल्या गिऱ्हाइकाचा खिसा व रस्ता कळला. दुसरीला त्याचें मन कळलें. आम्हीं त्या रविवारीं दुकानांत पाहिली ती हीच दुसरी गाडी.

आतां आमच्या घरचा हिशेब. आमच्या गाडीचें वजन १९१ किलो, थोरलीचें २४१. म्हणजे सिमेंटचें एक अख्खें पोतें अधिक. जोर वीस अश्वशक्तींवरून सत्तेचाळिसांच्या घरांत जातो, हें खरें. घाटांत तो जोर लागला असता हेंही खरें. पण गाडीची लांबी वाढते आणि पोट जमिनीच्या जवळ येतें: आमच्या गाडीखालीं १७० मिलिमीटर मोकळे, थोरलीखालीं १३५. आमच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत पांच गतिरोधक आहेत आणि त्यांपैकीं दोन तर लहानशा समाधीसारखे आहेत. बोळांतून गाडी मागें ढकलून वळवावी लागते, आणि बोळास उतार आहे. ज्या जातीच्या रस्त्यावर क्रूझर शोभते तसा आपल्याकडचा पहिला मोठा रस्ता म्हणजे २००२ सालीं पुरा झालेला मुंबई-पुणें द्रुतगतिमार्ग. पण त्यावर दुचाकीस बंदी आहे! अमेरिकेंत राजमार्ग आला आणि त्याजोगी गाडी मिळाली. येथें गाडी मिळाली, पण राजमार्गाच्या तोंडाशीं पाटी आहे.

हें सर्व आम्हीं घरीं सांगितलें, तेव्हां आमच्या कन्येनें एक मुद्दा काढला, जो कोणत्याही इतिहासांत आम्हांस सांपडला नव्हता. ती म्हणाली, “बाबा, आत्तांची गाडी मी चालवतें. आजीला दवाखान्यांत मीच नेतें. ती नवी गाडी माझ्यानें बोळांतून निघायची नाहीं. मग ती तुमची एकट्याची होईल.” आम्ही क्षणभर गप्प झालों. पोरीचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. धाकटी गाडी घराची होती. थोरली आमची होणार होती. रात्रीं अपरात्रीं आईस छातींत कळ आली आणि आम्ही परगांवीं असलों, तर दाराशीं अडीचशें किलोंची ऐट उभी असून उपयोग काय?

तरी मोह अगदींच लटका आहे असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्याला दर महिन्यास सातारा-कोल्हापूर करावें लागतें, ज्याच्या घरापुढें अंगण आहे, ज्यानें धाकट्या गाडीवर दहा पावसाळे काढले आहेत, त्यानें ती खुशाल घ्यावी, आणि घेण्यापूर्वीं मागें माणूस बसवून, अंगणांत, धीम्या वेगानें ती वळवून पाहावी. वेगांत सर्वच गाड्या हलक्या वाटतात. हौसेसाठीं घेणारानें हौस म्हणून घ्यावी. तिला घाटाचें निमित्त लावूं नये.

आमच्यापुरतें म्हणाल तर मिलवॉकीच्या त्या पोरांची रीत आम्हांस पटली. निर्णय दुकानांतल्या आरशापुढें करूं नये, टेकडीवर करावा. म्हणून या शिमग्यास आम्ही जुनीच गाडी घेऊन पुनः चिपळुणास जाणार आहों. तत्पूर्वीं तिची साखळी बदलून घेतली आहे, मागचा टायर नवा घातला आहे, आणि सामान एस. टी. नें पुढें पाठवावयाचें असें ठरलें आहे. परततांना कुंभार्लींत ट्रक आडवा आला तर सौभाग्यवतींनीं सांगितल्याप्रमाणें बाजूस थांबूं. घाटांत चहाचीं दुकानें आहेत. तेवढ्यानेंही गाडी चढेना, तर मात्र ४० टक्के कर भरण्यास आमची हरकत राहणार नाहीं. पण त्यापूर्वीं बोळाचें काय करावयाचें, हें कन्येस विचारावें लागेल.